दाखवायचं घर

तुळशीला पाणी घालून झाल्यावर आईने तांब्या कुंडीच्या कडेशी ठेवला, पदर डोक्यावर ओढला आणि हात जोडले; फाटकाच्या कडीवर हात ठेवून उभा असलेला नागसेन ती कडी न उघडता तसाच राहिला. तुळस त्याच्या ओळखीची होती. घराच्या दलालाने, विपुलने, ती मागच्या पंधरवड्यात नर्सरीतून कुंडीसकट आणली होती, स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये धरून, आणि आत येणाऱ्याच्या नजरेला सगळ्यात आधी ती पडावी म्हणून अंगणात दोन-तीन जागा बदलून शेवटी बरोबर दारासमोर ठेवली होती. 'पाणी नाही घातलं तरी चालते सर, आपलं काम होईपर्यंत टिकते,' असं तो म्हणाला होता. म्हणजे ती तुळस नव्हतीच. मिठाईच्या दुकानात काचेमागे मांडलेल्या रिकाम्या डब्यासारखी ती एक दाखवायची वस्तू होती. आणि आता आई तिच्याभोवती फिरत होती. एक हात गुडघ्यावर, एक कुंडीच्या काठावर, सावकाश, एक फेरा, मग दुसरा. तिचे ओठ हलत होते. कौलखेडच्या विहारात इतकी वर्षं दर पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढे बसणारी, जिच्या आवाजामागून बाकीच्या बाया वंदना म्हणत, ती ही बाई. ती आता काय पुटपुटत असेल, याची कल्पना नागसेनला करवेना. एप्रिल सुरू झाला होता. सकाळीच अकोल्याचं ऊन भिंतींना चिकटून बसलं होतं, आणि नव्या रंगाचा वास त्या उन्हातून फाटकापर्यंत येत होता.

"आई," त्याने हाक मारली.

ती दचकली. पण तिने आधी त्याच्याकडे पाहिलं नाही. शेजारच्या गच्चीकडे पाहिलं, मग समोरच्या बंद खिडकीकडे, आणि मग त्याच्याकडे.

"आत ये. जे बोलाचं ते आत येऊन बोल."

दार लावून घेतल्यावर त्याने विचारलं, "हे काय चालू आहे तुझं?"

"काय म्हणजे? पाणी घातलं."

"अन फेऱ्या?"

"लोक पाह्यतात नं बापू."

"कोण लोक? बाजूले वाकोडे राहतात. तीस वर्षं झाली. त्यायले माहीत नाही काय आपण कोण ते?"

"माहीत असलं म्हणून काय झालं," आई म्हणाली, "पाह्यतातच." आणि ती चहा ठेवायला आत गेली.

हा तिचा नेहमीचा कोरडा विनोद असावा, असं नागसेनने ठरवलं. इंदूबाई वानखडे हे नाव विहाराच्या महिला मंडळात त्याच कोरडेपणासाठी प्रसिद्ध होतं. पुढाऱ्यांनी भाषण लांबवलं की ती पहिल्या रांगेतून 'पाणी पाहिजे काय भाऊ?' असं इतक्या मायेने विचारी, की माणूस आपोआप खाली बसे. पण विनोद करताना ती समोरच्याच्या डोळ्यांत पाहत असे, आणि आज तिने तसं पाहिलं नव्हतं. तो पुढच्या खोलीत बसला. भाड्याने आणलेल्या सोफ्याची गादी त्याच्याखाली नव्या कापडाचा करकर आवाज करत होती. खोली मोठी झाली होती. शब्द टाकला तर तो भिंतीवर आपटून परत येईल, अशी मोठी. ही खोली त्याच्या वडिलांनी, शेषरावांनी, स्वतः काढलेल्या नकाशावरून बांधून घेतली होती. पाटबंधारे खात्यात जन्मभर दुसऱ्यांच्या कालव्यांचे नकाशे काढून झाल्यावर एवढं एकच घर त्यांनी स्वतःसाठी काढलं. दिवाळीच्या सुमारास आई याच घराच्या मोरीत घसरून पडली, आणि सकाळी दूधवाल्याने वाकोड्यांना उठवेपर्यंत तिथेच पडून राहिली. शेषराव जाऊन सहा वर्षं झाली होती आणि नागसेन अमरावतीच्या तंत्रनिकेतनात शिकवत होता. शनिवारी येणं आणि सोमवारी पहाटे जाणं, यालाच तो आईकडे लक्ष देणं म्हणत होता. तिला चौथ्या मजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांत नेऊन ठेवावं, तर लिफ्ट महिन्यातून चार वेळा बंद. तेव्हा हे घर विकायचं आणि अमरावतीला तळमजल्यावरचं मोठं घर घ्यायचं, जिथे आईला तिची स्वतःची खोली असेल आणि खोलीला अंगणात उघडणारं दार असेल, असं त्याने आणि त्याच्या बायकोने, दीपमालाने, ठरवलं. तसं घर दीपमालाने पाहूनही ठेवलं होतं. त्या घराचा मालक एप्रिलअखेरपर्यंत थांबायला तयार होता. सगळं एका सरळ रेषेत होतं. फक्त अकोल्याचं घर विकलं जात नव्हतं.

दोन गिऱ्हाइकं आली होती. दोघांनीही घर वाखाणलं, नळ सोडून पाहिले, आणि मग पुढच्या खोलीच्या भिंतीपाशी येऊन त्यांचं बोलणं कमी झालं. तिथे बुद्धाची मूर्ती होती, तिच्यावर बाबासाहेबांची मोठी तसबीर, आणि खालच्या कपाटात शेषरावांची पुस्तकं. घरी विचारून सांगतो, असं म्हणून दोघेही गेले. "ते अजून विचारूनच राह्यले," विपुल म्हणाला होता. विपुल पस्तिशीचा, घरं-प्लॉट विकून देणारा, आणि वाईट बातमी हसत सांगण्याची कला अवगत असलेला माणूस होता. "सर, मी आपलाच आहे, म्हणून तोंडावर सांगून राह्यलो. दुसरा असता तं तो सांगत नाही, नुसता गिऱ्हाईक आणाचं बंद करते. घेणाऱ्याले तुमच्या घरात त्याचं घर दिसलं पाहिजे. तुमचं दिसलं की तो पाहुणा होते. पाहुणा चहा पिते अन चालला जाते." नागसेनने विचारलं होतं, तुझ्या ऑफिसात काय आहे? "गणपती," विपुल म्हणाला. "घरी बाबासाहेब, ऑफिसात गणपती. धंदा आहे सर." मग त्याने, डॉक्टरने पोट दाबून पाहावं तसा, घरातून सावकाश एक फेरा मारला. तसबीर काढा. मूर्ती काढा. पुस्तकं काढा. गच्चीवरचा झेंडा. कॅलेंडर. फाटकाच्या खांबावर मोझाइकमध्ये बसवलेलं 'लुंबिनी' हे घराचं नाव. त्यावर पुट्टी भरा आणि रंग मारा. नावाची पाटी राहू द्या, वानखडे सगळ्यांतच असतात, कुणब्यांत, माळ्यांत, आपल्यात. वानखडेनं काही समजत नाही. कागदही आईंच्या नावावर आहे, इंदूबाई शेषराव, त्यातूनही काही कळत नाही. "फक्त तुमी, सर," तो जरा थांबून म्हणाला होता, "तुमी तुमचं नाव नका सांगू. एन. एस. म्हणा." आणि त्याने जाता जाता आईच्या खाटेकडे, खाटेखालच्या भांड्याकडे, औषधांच्या डब्याकडे पाहिलं होतं. "हे मागच्या खोलीत. घेणाऱ्याले घरात मरण दिसू नये."

एन. एस. म्हणा, हे त्याला सांगायची गरज नव्हती. तंत्रनिकेतनात तो पंचवीस वर्षं एन. एस. सरच होता. अमरावतीच्या घरात बाहेरच्या खोलीत एका धबधब्याचं चित्र होतं, आणि तसबीर आतल्या खोलीत, कपाटाच्या बाजूला, दार उघडं असलं की दाराआड जाणारी. असं कुणी ठरवलं नव्हतं. खिळा तिथेच होता, एवढंच कारण दीपमालाने एकदा दिलं होतं आणि त्याला ते पुरलं होतं. म्हणूनच, विपुलचं बोलणं ऐकून आपल्याला जेवढा राग यायला हवा होता तेवढा आला नाही, हे त्याला त्याच वेळी जाणवलं. राग आला तो आईला. "तुह्या बाबानं हे घर काहून बांधलं माहीत आहे तुले?" ती म्हणाली होती. "दारावर आपलं नाव लावाले. अन मी आता ते बुजवू?" संध्याकाळी तो तिच्या पायाशी बसला आणि त्याने तिला सगळं समजावून सांगितलं: तळमजला, अंगणाचं दार, एप्रिलअखेर. थोडे दिवस. नाटकासारखं. घर गेलं की सगळं पुन्हा लावू, तिकडे, दर्शनी भिंतीवर. ती बराच वेळ त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसली आणि म्हणाली, "बरं. तुह्यासाठी." तेव्हा त्याला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्यात तो एक वाक्य बोलून गेला. अगदी सहज, निघताना चप्पल घालता घालता: "बाहेर कोणाले काही सांगू नको, आई. आपण कोण, काय. काहीच." त्या वाक्यावर आईचा चेहरा कसा झाला होता, हे त्याने पाहिलं नव्हतं. तो वाकलेला होता.

पुढच्या शनिवारी दार साखळीएवढंच उघडलं. फटीतून आईचा एक डोळा दिसला, आणि ती म्हणाली, मालक घरी नाहीत. मग त्याला ओळखून तिने साखळी काढली आणि हसली, आणि तोही हसला. त्यानंतरच्या शनिवारी तिने त्याला विचारलं की, भाडं दिलं का. कशाचं भाडं, म्हटल्यावर ती नखाने टेबलावरचा न दिसणारा डाग खरवडत राहिली. वय झालं, पडल्याचा धक्का आहे, जागेवरच्या वस्तू जागेवर नाहीत म्हणून गोंधळते, अशी कारणं तो बडनेऱ्याहून गाडीत बसला की एकामागून एक लावून घेई, आणि मूर्तिजापूरला गाडी थांबली की ती सगळी कारणं, फळीवरचं सामान हलावं तशी, थोडी थोडी हलत. मूर्तिजापूरला तो खिडकीतून पाहत नसे. पाहायचं नाही असं काही नव्हतं. ते स्टेशन आलं की त्याला वर्तमानपत्र उघडायची सवय होती. तिथे, शकुंतला नावाच्या छोट्या गाडीच्या अरुंद रुळांच्या पलीकडे, माणिकबाई नावाच्या बाईच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत ते भाड्याने राहिले होते; तो चार-पाच वर्षांचा असेल. वऱ्हाडात नुसत्या आडनावावर कुणी थांबत नाही. वानखडे म्हटलं, की वानखडे म्हणजे कोणते, हे विचारतातच, आणि विचारताना आवाजात कसलाही दुष्टपणा नसतो. गाव विचारावं, पाणी विचारावं तसं. शेषरावांनी काय उत्तर दिलं होतं ते त्याला माहीत नव्हतं. जे दिलं त्यामुळे खोल्या मिळाल्या. तेव्हापासून तो बाहेर श्याम होता. नागसेन हे नाव रात्री दार लागल्यावरचं, कंदिलाच्या उजेडातलं, आईच्या कानाशी येऊन बोलण्याचं नाव होतं, आणि लहानपणी त्याला असं वाटे, की सगळ्यांनाच दोन नावं असतात, एक उन्हातलं आणि एक सावलीतलं. माणिकबाई त्याच्या डोक्याला तेल लावी. तिच्या हाताला लसणाचा वास होता. 'बाहेर कोणाले काही सांगू नको' हे वाक्य वडील रोज सकाळी, चप्पल घालता घालता, त्याच्या आईला म्हणत. हे त्याला आत्ता, या कोऱ्या खोलीत, करकरणाऱ्या सोफ्यावर आठवलं. आत चहाचं पाणी उकळत होतं. त्याने वडिलांचं वाक्य वडिलांच्याच पवित्र्यात, खाली वाकून, तिला परत म्हटलं होतं.

मूर्तिजापूर कसं सुटलं, ते मात्र त्याला कधीच आठवलं नाही. त्या दोन खोल्या होत्या, आणि मग अकोला होतं. मधलं काही नव्हतं. एकदा, बारावीत असताना, त्याने विचारलं होतं. वडील म्हणाले, बदली झाली. आणि आई उठून आत गेली होती.

दुपारी त्याने दीपमालाला फोन केला. तुळशीचं सांगितलं, हसत सांगायचा प्रयत्न केला.

"हसू नका," दीपमाला म्हणाली. "परवा मी फोन केला तर त्या म्हणाल्या, तुम्हाला कोण पाहिजे, आणि फोन ठेवला. ते सगळं सामान पुन्हा जागेवर लावा. आजच."

"उद्या ते हिवरखेडचे लोक येऊन राह्यले. विपुल म्हणतो, पक्के आहेत. उद्याचा दिवस जाऊ दे."

"प्रत्येक शनिवारी तुम्ही हेच म्हणता."

"मग काय करू? पुन्हा मोरीत पडली तर?"

"तुम्ही आईंना आणायला निघालात," ती म्हणाली, "तर त्या आहेत तशा आणा. नाही तर मग आणायचं कोणाला?"

फोन ठेवल्यावर तो मागच्या खोलीत गेला. दिवाणाची फळी उचलली. तसबीर आईच्या जुन्या पांढऱ्या लुगड्यात गुंडाळलेली होती, मूर्तीभोवती उशीचे अभ्रे, पुस्तकं पाठीला पाठ लावून. आत अंधार होता आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. आत्ता काढावं, आत्ता लावावं, असं त्याला अगदी स्पष्ट वाटलं. पण खिळे विपुलने उपटून नेले होते आणि भोकं बुजवली होती, आणि नव्या भिंतीत पुन्हा खिळा ठोकला तर उद्या सकाळी तो डाग दिसेल, हेही तितकंच स्पष्ट वाटलं. त्याने फळी हळूच खाली ठेवली. मागे वळला तर आई दारात उभी होती. ती रागावली नव्हती. उलट, तिच्या चेहऱ्यावर एक समजूत होती, जशी सोबत गुन्हा करणाऱ्यांमध्ये असते.

"नीट लावली काय?" तिने हलक्या आवाजात विचारलं. "वरून गोधडी टाक."

रविवारी सकाळी विपुल कापूर, लिंबं आणि पिवळ्या उजेडाचे दिवे घेऊन आला. दिवे बदलले, कूलरमध्ये वाळा भरला, सगळ्या बादल्या न्हाणीत रचून ठेवल्या, आणि कापूर जाळून ताटली प्रत्येक खोलीतून फिरवली. "वासानं अर्धं काम होते," तो म्हणाला. घर खरोखर सुंदर दिसत होतं. नागसेनला ते एखाद्या चांगल्या विद्यार्थ्याने काढलेल्या नकाशासारखं वाटलं. सगळी मापं बरोबर, आणि आत माणूस नाही. तेवढ्यात आई तयार होऊन बाहेर आली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, आणि कपाळावर कुंकू. सहा वर्षं ते कपाळ मोकळं होतं. विपुलने एकदा तिच्याकडे आणि एकदा नागसेनकडे पाहिलं. "आजी," तो म्हणाला, "एवढं नव्हतं करा लागत."

"मले समजते काय करा लागते ते," आई म्हणाली. "तू नवीन आहे."

हिवरखेडचे खुशालराव आणि त्यांची बायको रुख्मिणी चांगली माणसं होती, हे ती चपला काढतानाच दिसलं. त्यांनी चपला उन्हात न ठेवता सावलीत, आणि घरच्यांच्या चपलांपासून जरा दूर, अदबीने काढल्या. नातवंडं शिकायला अकोल्यात ठेवायची होती म्हणून घर पाहिजे होतं. खुशालरावांनी भिंतीवर थाप मारून पाहिली. रुख्मिणीबाईंनी तुळशीकडे पाहून मान डोलावली, स्वयंपाकघरात जाऊन खिडकी उघडली आणि म्हणाल्या, "उजीड भल्ला आहे बाप्पा." विपुल दोन पावलं मागे राहून चालत होता आणि बोलत नव्हता, यशाचा वास आला की तो बोलत नसे. मग सगळे पुढच्या खोलीत बसले. आईने लिंबाचं सरबत आणलं. ग्लास तिच्या हातात हलत नव्हते. एरवी चहाचा कप धरताना तिचा हात थरथरे, आणि आज तो एखाद्या तरुण बाईच्या हातासारखा होता, हे नागसेनने पाहिलं, आणि पाहिल्यावर त्याला त्या हाताकडे पुन्हा पाहवेना.

"वानखडे म्हणजे," खुशालरावांनी ग्लास घेता घेता विचारलं, "कोणते वानखडे?"

नागसेनने तोंड उघडलं. एन. एस., एवढं म्हणून आपण विषय पाण्याकडे, बोअरकडे नेऊ शकू, असं त्याने रात्रीपासून ठरवलं होतं. पण आई आधीच बोलू लागली होती.

"परतवाड्याकडले. पाटलाचे."

"परतवाड्यात कोठी?"

"गावात नाही. खाली, नदीच्या अंगाले. सासरे होते तवा लय शेत होतं आमचं. मंग चुलतसासरे वारले, अन दोघा भावांचं पटलं नाही. सारं गेलं."

"हो, होते असं," खुशालराव म्हणाले.

"एक जाऊ होती मोठी. लेकरू नव्हतं तिले. ते विहिरीत गेली. तवापासून आमी तिकडं पायच नाही ठेवला."

रुख्मिणीबाईंनी जिभेने च्च केलं आणि आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. नागसेन ऐकत होता. परतवाड्याला तो एकदाच, विद्यार्थ्यांची सहल घेऊन मेळघाटात जाताना, चहापुरता उतरला होता. ही नदी, हे शेत, ही विहीर. हे सगळं तो चार-पाच वर्षांचा असताना केव्हातरी, रात्री, दोन माणसांनी कंदिलाशी बसून बांधलं होतं, आणि बांधताना त्यांनी त्या खोट्या घराण्याला एक दुःखही दिलं होतं. कारण दुःखावर कुणी उलट प्रश्न विचारत नाही. ती विहिरीत गेलेली जाऊ त्यांच्यापैकी कुणाला सुचली असेल? वडिलांना? की आईला, भाकरी थापताना? आणि इतकी वर्षं ते गाव तिच्या आत तसंच उभं होतं, झाडून-सारवून, कुणी येऊन पाहील म्हणून. त्याला वाटलं, की विपुलने या घरात काहीच केलेलं नाही. हे घर आधीच होतं. विपुलने फक्त वरचं काढलं.

"मालक नाही दिसत?" रुख्मिणीबाईंनी कुंकवाकडे पाहत विचारलं.

"साइटवर गेले," आई म्हणाली. "कालव्याचं काम चालू आहे नं. येतीनच आता."

खोलीत कूलरचा आवाज एकदम मोठा झाला. खुशालरावांनी आईच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "आजीची तब्येत जरा..." विपुल घाईने म्हणाला, पण आईने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. तिने नागसेनच्या दंडाला धरून त्याला, पाहुण्यांपुढे लहान मुलाला करतात तसं, थोडं पुढे केलं.

"अन हा माहा पोरगा. श्याम."

ती त्याच्याकडे पाहत होती. आता मात्र सरळ डोळ्यांत पाहत होती, आणि त्या डोळ्यांत नाटक नव्हतं. तिथे एक सव्वीस-सत्तावीस वर्षांची बाई होती, आणि ती आपल्या मुलाला डोळ्यांनीच विनवत होती, की बापू, नीट सांग. नागसेनला ऊन लागल्यासारखं झालं. घर, तळमजला, एप्रिलअखेर हे सगळं कुठेतरी लांब गेलं आणि समोर एवढंच राहिलं, की आई खाली, फार खाली चालली आहे आणि तिला वरून हाक मारायला त्याच्याजवळ एकच शब्द आहे. धैर्य वगैरे त्यात काही नव्हतं. झोपेत घाबरलेल्या माणसाला नावाने हाक मारून जागं करतात, तसं तो म्हणाला:

"नागसेन. माझं नाव नागसेन आहे, आई. नागसेन शेषराव वानखडे."

विपुल फरशीच्या एका रेघेकडे पाहत होता. आई उठली, रिकामा ट्रे उचलला आणि आत गेली; इतकी शांतपणे, की नागसेनला क्षणभर वाटलं, जमलं, ती परत आली. रुख्मिणीबाईंच्या ग्लासात अर्धं सरबत होतं. त्यांनी ग्लास पाहिला, तोंडाला लावला आणि सगळं सरबत सावकाश, जरा जास्तच मन लावून संपवलं. खुशालरावांनी घसा साफ केला.

"घर चांगलं आहे," ते म्हणाले. "नावाचं काय करा लागते आमाले. आता जुनं काही राह्यलं नाही तसं." मग त्यांची नजर भिंतीवरून खाली, फरशीवर, कोपऱ्याकोपऱ्यात फिरून आली. "राहाले याच्या आधी शांती तं करतोच माणूस. कोणाचंही घर असो."

"हो हो, ते तं कराच लागते," विपुल म्हणाला.

"मंगळवारी येतो टोकन घेऊन."

ते उठले. नमस्कार झाले. खुशालरावांनी नागसेनचा हात हातात घेतला आणि गरजेपेक्षा थोडा अधिक वेळ धरून ठेवला, आणि त्या जास्तीच्या वेळात आपल्याला चांगलं वाटावं की वाईट, हे नागसेनला ठरवता आलं नाही. विपुल त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेला. तिथून त्यांच्या गप्पांचा, रुख्मिणीबाईंच्या हसण्याचा आवाज येत होता. म्हणजे घर गेलं होतं. जे लपवलं ते सांगून टाकल्यावरही गेलं होतं. सगळं पुन्हा लावता येईल, आत्ताच, या क्षणी. नागसेनला तसं आईला सांगायचं होतं. तो जवळजवळ धावत आत गेला.

आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. तिच्यासमोर एक चादर पसरलेली होती आणि तिच्यावर ती वस्तू ठेवत होती. तवा. परात. दोन ताटं, तिसरं लहान. पिठाचा डबा तिने हलवून पाहिला आणि झाकण फडक्याने बांधून घेतलं, सांडू नये म्हणून. डाळीचा डबा ठेवला आणि परत काढला, जड होतो. भांडं भांड्यावर ठेवताना ती मध्ये फडक्याची घडी घालत होती आणि त्यामुळे कसलाही आवाज होत नव्हता. तिचे गुडघे दुखत नव्हते, हात कापत नव्हते. कोणती वस्तू आधी, कोणती नंतर, काय सोडून द्यायचं, हे तिला विचार न करता येत होतं. दाराशी उभा राहून नागसेन पाहत होता, आणि मूर्तिजापूर आणि अकोला यांच्यामध्ये त्याच्या आठवणीत जी मोकळी जागा होती ती त्याच्या डोळ्यांसमोर, एकेका भांड्याने, भरत चालली होती. असं झालं होतं तर. कुणी हाकललं नव्हतं, कुणी ओरडलं नव्हतं. कुणाला तरी फक्त समजलं होतं. आणि तिने चादर पसरली होती.

"आई, ऐक. ते लोक घेऊन राह्यले घर. त्यायले काही वाटलं नाही."

"तुह्या बाबाले रस्त्यातच गाठू," ती चादरीची टोकं जुळवत म्हणाली. "इकडं येऊ द्याचं नाही त्यायले. तू पाणी पिऊन घे. मंग रस्त्यात मागशील."

"आई. उठ. हे आपलं घर आहे."

तिने झटकन वर पाहिलं. मग ती उठली, चादर ओलांडून त्याच्याजवळ आली आणि तिने आपला तळहात त्याच्या तोंडावर घट्ट दाबून धरला. हाताला लिंबाचा वास होता. बाहेर फाटक लागलं, आणि विपुल आनंदाने हाक मारत घराकडे येऊ लागला, "सर! ओ नागसेन सर!" ते नाव ऐकताच आईचे डोळे विस्फारले, तिची बोटं त्याच्या गालांत रुतली, आणि ती त्याला दाराआड, भिंतीशी ओढून घेऊ लागली. छप्पन्न वर्षांचा नागसेन तिच्या हाताखालून श्वास घेत, आवाज न करता, तिच्यामागे सरकला.